तासलेल्या माना

दार उघडताच पद्माकर दामले म्हणाले, "कुणीतरी माझ्या काडतुसांच्या माना तासून टाकल्यात."

श्रीनाथ दचकला. त्याची मावसबहीण नंदिनी स्टुटगार्टात खासगी तपासाची कामं करायची. शनिवारी रिकामं घर खायला उठतं म्हणून तो तिच्याबरोबर गेर्लिंगेनला आला होता.

केलरमधल्या, म्हणजे तळघरातल्या टेबलावर रिकाम्या पितळी नळ्या रांगेत उभ्या होत्या. दामलेकाका क्लबचे नेमबाज. रीतसर परवाना घेऊन काडतुसं स्वतः भरत.

"नळीच्या तोंडाची ही मान," त्यांनी बोट ठेवलं. "सगळीकडून सारख्या जाडीची हवी, म्हणून बाहेरून किंचित तासायची. पण या इतक्या पातळ झाल्यात की गोळी धरणारच नाहीत. उद्याच्या स्पर्धेचा सगळा संच गेला!"

"तासायचं हत्यार बिघडलं असेल," श्रीनाथ म्हणाला.

काकांनी एक कोरी नळी हत्यारात घातली आणि हाताने फिरवली. पितळेचा बारीक चुरा पडला. मोजून पाहिलं, माप अचूक. टेबलाखालून नंदिनीने मात्र पितळेची लांबलचक, न तुटलेली वेटोळी उचलली.

"केलरची किल्ली कुणाकडे असते?"

"मुलाकडे, आणि वरच्या मजल्यावरच्या डीटरकडे. हे काम त्यानंच शिकवलं मला. माझी बायको कुसुम गेल्यापासून संध्याकाळी आम्ही दोघंच इथे बसतो."

मुलगा मल्हार वर खोकी भरत होता. वडिलांना एश्बॉर्नला स्वतःच्या घरी कायमचं न्यायला आला होता तो. "मला त्यांचा हा छंद आवडत नाही, खरंय. पण ही स्पर्धा खेळल्याशिवाय घर सोडणार नाही, ही त्यांचीच अट. आता म्हणतात, पुढच्या वर्षीची खेळूनच येईन. मी माझ्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेऊ?"

वरच्या मजल्यावर डीटरने नंदिनी आणि श्रीनाथला कॉफी विचारली. सुजलेल्या बोटांनी डबा उघडेना. शेवटी श्रीनाथने उघडून दिला.

"आल्झो, म्हणजे आमचा पद्मा उद्या खेळणार नाही," डीटर खिडकीकडे पाहत म्हणाला. "वाईट झालं."

थोड्या वेळाने नंदिनीने सगळ्यांना केलरमध्ये बोलावलं. डीटरला कळावं म्हणून ती जर्मनमध्ये बोलू लागली.

"हाताने फिरवताना माणूस थांबत थांबत फिरवतो, म्हणून चुरा पडतो. ही वेटोळी सलग आहेत. म्हणजे नळ्या ड्रिलला लावून फिरवल्या. काकांना ड्रिलची गरज नाही. ज्याच्या बोटांना पीळ देणं झेपत नाही, त्याला आहे. शिवाय काम झाल्यावर पातं परत काकांच्या मापावर आणून ठेवलंय. ते माप ज्याला पाठ आहे, आणि मित्राचं हत्यार बिघडू नये असंही ज्याला वाटतं, तोच हे करेल. मल्हारला स्पर्धा व्हायलाच हवी होती. ती हुकली तर काका वर्षभर इथेच राहतात. ते कुणाला हवं होतं?"



"गेनाऊ, अगदी बरोबर," डीटर पुटपुटला.

"अरे, थांब म्हणायचं होतंस ना मला!" काकांचा आवाज चिरकला.

"म्हटलं असतं, तर थांबला असतास?"

काकांनी एक तासलेली नळी उचलून परत रांगेत ठेवली. "नाही," ते म्हणाले.

डीटर वळला. कठडा धरून एकेक पायरी चढू लागला. काका जागचे हलले नाहीत. श्रीनाथला वाटलं, कुणीतरी त्याच्या मागे जायला हवं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मग तोच जिन्याकडे गेला.