मीटर बरोबर आहे

“सील लावायचंय? मग आधी माझा हात हलवा!”

लाकूड कापायच्या कारखान्याची तरुण मालकीण मीटरच्या पेटीवर पंजा दाबून उभी होती. केसांत भुसा, डोळ्यांत अंगार. समोर वीज कंपनीचा नवा तपासनीस. हातात तारेला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा टाँग टेस्टर, आणि नजर... नजर मात्र कागदावरून सारखी तिच्याकडे घसरत होती.

“मोटर दहा अँपिअर ओढते. गुणिले दोनशे तीस व्होल्ट, म्हणजे तेवीसशे वॉट. तुमचं मीटर सहाशेच धरतंय,” तो म्हणाला. “छेडछाड दिसते.”

“अगं, माफी माग नि मिटवून टाक,” काका मागून कुजबुजले. तिचे वडील गेल्यापासून त्यांनी कारखाना बंद करायचा धोशाच लावला होता.

“मी चोरी केलेली नाही. माफी कसली?” तिने मोटर बंद केली आणि सरस वितळवायचा हीटर लावला. “आता मोजा.”

त्याने मोजलं. पुन्हा मोजलं. या वेळी टेस्टर आणि मीटर, दोन्हींचा आकडा तंतोतंत जुळला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“हीटरला खरं असलेलं मीटर मोटरीला खोटं कसं ठरतं हो?”

“मोटरीत... करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो,” तो हळूच म्हणाला. “करवत मघासारखी रिकामी फिरत असली तर फारच. नुसता गुणाकार चालत नाही. मीटर क्षणाक्षणाला दोन्ही एकत्र मोजतं, खरोखर वापरलेली वीज तेवढीच धरतं. मला... माहीत होतं हे.”

“मग?”

“चोऱ्या पकडल्याचा आकडा वाढवायचा म्हणून काय लिहायचं ते आमच्या साहेबांनी आधीच सांगितलं होतं.”

तिथेच त्याने अहवालावर काट मारली, खाली लिहिलं – ‘मीटर बरोबर, हिशोब माझा चुकला’ – आणि सही ठोकली. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. “कागद बदलणार नाही, साहेब,” असं म्हणून त्याने फोन ठेवून दिला. त्याचं ते ‘बदलणार नाही’ तिला फार आवडलं.

आठवड्यात त्याची रवानगी गोदामात झाली. सुट्टीच्या दिवशी स्वारी कपॅसिटर घेऊन दारात हजर! “हा मोटरीला जोडला की बाहेरून जादा करंट ओढावा लागणार नाही.”

“माफी मागायला आलात?”

“हो... आणि तुम्हाला बघायला.”

“बघा की! पण स्क्रू आवळता आवळता बघा.”

पुढे दर सुट्टीला काही ना काही आवळायचं निघू लागलं. शेवटी एकदा काकांनी दोघांना फळ्यांच्या थप्पीवर शेजारी शेजारी चहा पिताना गाठलंच.

“ज्याने चोर म्हटलं त्याच्याशी संसार करणार तू?”

“त्यांनी तोंडावर म्हटलं, आणि चूकही तोंडावरच कबूल केली. तुम्ही तर ‘चोरी केलीस का’ एवढंही मला विचारलं नाहीत, काका.”

तपासनीस घुटमळला. “पण... मीही अजून कुठं विचारलंय तुम्हाला?”

“मग विचारा! काका, कामगार, सगळ्यांदेखत विचारा.”

त्याने विचारलं, चालत्या करवतीच्या आवाजावर आवाज चढवून. आणि तिने त्याहून मोठ्यानं ‘हो’ म्हटलं.