न मोजायचे तीन महिने

मुलुंडच्या हॉस्पिटलात ईसीजी काढणाऱ्या श्रुतिकाने आजवर शेकडो छात्यांना तारा चिकटवल्या होत्या. पण केयूरची डायरी वाचून ती पहिल्यांदाच लाजली. ठोके चोवीस तास टिपणारं यंत्र लावलं, की धडधड कधी नि कशाने झाली ते पेशंटने लिहून आणायचं असतं. घाटकोपरच्या या पठ्ठ्याने लिहिलं होतं — ‘सकाळी अकरा वीस. टेक्निशियन हसली.’

“असलं लिहितात का यात?”

“खरं लिहा, असं तूच बजावलंस ना?”

दुसऱ्याच भेटीत स्वारी अगं-तुगंवर आली होती... तिला राग यायला हवा होता, तो काही आला नाही.

मग केयूरवर उपचार झाले. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, ठोके बिघडवणारी जागा डॉक्टरांनी गोठवून टाकली. तीन आठवड्यांनी तो ईसीजीला आला. जिना चढून धाप लागली होती, पण डोळ्यांत तीच मस्ती.

“बाकी सगळं थांबलं. तुला बघितलं की मात्र अजून होतंय,” तो हळूच म्हणाला. “हे आजाराचं नाही, श्रुतिका...”

‘माझंही तसंच आहे रे’ — एवढंच तिला म्हणायचं होतं. पण शेजारी क्षमा सिस्टर कान टवकारून उभ्या. श्रुतिका गडबडली आणि रोज प्रत्येक पेशंटला सांगायची तेच बोलून बसली, “पहिले तीन महिने असं होतंच. आतली जखम भरत असते. ते मोजायचं नाही, मनावर घ्यायचं नाही.”

तो हसला नाही. “बरं,” म्हणाला.

त्या एका वाक्यासाठी तिने स्वतःला किती बोल लावले! नंबर फाइलवर होता. पण फोन करून सांगायचं काय? तीन महिन्यांच्या तपासणीला येईल तेव्हा सांगू, म्हणून ती दिवस मोजत राहिली.

तो आला, पेढे घेऊन.

“साखरपुडा झाला. आईने कांदिवलीची मुलगी बघितली.”

तिने तारा लावल्या. कागदावर ठोके एका ओळीत, शहाण्यासारखे उमटले.

“झकास आहे,” ती कशीबशी म्हणाली.

“तू सांगितलंस तसंच केलं. नाही मोजलं,” तो म्हणाला. “जड गेलं, पण... नाही मोजलं.”

तिने पेढा न खाताच खणात ठेवून दिला.

दुपारी दुसरे एक पेशंट, म्हातारे अण्णा आले. त्यांच्याही हृदयातली जागा गोठवून पंधरा दिवस झाले होते. “पोरी, अजून मधेच धडधडतं गं.”

“घाबरू नका,” श्रुतिका म्हणाली. “पण लिहून ठेवा, अण्णा. एकूणएक लिहून ठेवा.”