गवंड्यानं बुजवलेलं दार

गवंडी निघाला होता तो बायकोचा हात आणायला.

हात म्हणजे हाताचा ठसा. घरातला स्वयंपाकाचा ओटा त्यानं स्वतः बांधला होता. वरचं सिमेंट ओलं असतानाच तिनं "वाळलं का?" म्हणत पंजा टेकवला. ओल्या कामाला हात लावून बघायची तिला खोडच होती. तो चिडला, पण ठसा त्यानं तसाच ठेवला. आता ती गेली होती. तेवढा तुकडा छिन्नीनं कापून आणायचा, बाकी काही नको.

पण ते घर ओसाड शहरात होतं. शहराखाली मिठाची खाण. तिच्यात पाणी शिरलं, जमीन खचू लागली आणि सगळ्यांना घाईघाईनं बाहेर काढलं. लोकांनी दारांना कुलपं लावली. गवंड्यानं चोरांच्या भीतीनं दारच विटांनी बुजवलं आणि वर गिलावा केला.

सोबत मेव्हणा होता आणि खाणीचा जुना मुकादम. मुकादमाला सगळे मुंगूस म्हणत. खाली कुठे पोकळ आहे, हे त्याला पहारीच्या आवाजावरून कळे.

"माझ्या पावलावर पाऊल टाका," मुंगूस म्हणाला. "आणि भांडायचं असेल तर आत्ताच भांडून घ्या. आत आवाज नको."

"आमचे दाजी बोलतात कुठे?" मेव्हणा म्हणाला. "ताई गेल्यापासून तोंडही बुजवलंय त्यांनी."

गवंड्यानं फक्त पिशवी खांद्यावर टाकली.

मोठ्या रस्त्यावर दुकानांच्या पाट्या एकमेकींवर कलल्या होत्या. न्हाव्याच्या दुकानात खुर्च्या तशाच, आरशासमोर कंगवे तसेच. चौकटी पिळवटून कुलपं कधीच तुटली होती, दारं सताड उघडी पडली होती. आत कपाटं, भांडी, चष्मे, सगळं जागच्या जागी, वर मिठाची पांढरी पूड. कोणी काही नेलं नव्हतं.

"चोरसुद्धा फिरकले नाहीत," गवंडी पहिल्यांदाच बोलला.

एवढ्यात मुंगसानं पहार आपटली. धप्प! रस्ता खाली गेला!

तिघं मागे उडाले. धूळ बसली तेव्हा समोर खड्डा होता आणि त्यात एक बस आडवी अडकली होती. दुसरी वाट नव्हती. एकेक जण पोटावर सरपटत बसच्या अंगावरून पलीकडे गेला. मेव्हण्याच्या गुडघ्याखाली काच फुटली. तो शिवी गिळून पुढे सरकला.

घराच्या इमारतीत शेवटचा जिना उरलाच नव्हता. दोर टाकून ते वर चढले आणि गवंडी त्याच्या दारासमोर उभा राहिला. शेजारची सगळी घरं उघडी. बंद होतं ते एकच. त्याचं.

तो थांबलाच नाही. जन्मात केली नव्हती ती चूक त्यानं केली. वर न बघता भिंत फोडायला घेतली! ठक. ठक. गिलावा उडाला. एक वीट अर्धी बाहेर आली.

कडाड!

"दाजी, वर बघा!"

दारावरची तुळई मधोमध तडकली होती आणि तिचा सगळा भार त्याच भिंतीवर आला होता. छतातून खडी गळू लागली. पायाखालची फरशी हलली. गवंड्यानं दोन्ही हातांनी वीट आत ढकलली. ती बसेना! त्यानं फटीत छिन्नी घातली आणि हातोड्यानं ठोकली. एकदा. दोनदा. छिन्नी पाचरीसारखी रुतली. खडी गळायची थांबली.

कोणीच हललं नाही.

"काम मात्र पक्कं केलंत," मुंगूस हळूच म्हणाला. "अख्खा मजला पेललाय."

"हो ना," गवंडी म्हणाला. "तिच्या औषधाच्या खर्चाला कधी पुरलो नाही. इथे पुरलो."

तो खाली बसला आणि तेव्हा त्याला दिसलं. गिलाव्याच्या खालच्या कोपऱ्यात तीन बोटं उमटली होती. दार बुजवलं त्या सकाळी तो पाठमोरा होऊन हत्यारं आवरत होता. तेवढ्यात तिनं हात लावून पाहिलं होतं.

"ताईच!" मेव्हण्याचा आवाज फाटला. "दाजी, एवढाच तुकडा आहे. छिन्नी काढा, पटकन कापू."

"छिन्नी काढली, तर उद्या तुझी बायको तुझा ठसा शोधत येईल."

"मग असंच रिकामं जायचं?"

"असंच."

मुंगसानं दोर खाली सोडला. मेव्हणा डोळे पुसत उतरला. गवंड्यानं त्या खळग्यांत आपली बोटं ठेवून पाहिली. ती आत मावली नाहीत. तिचे हात लहान होते.

"वाळलं गं," तो म्हणाला आणि दोर धरला.