गाडीभोवतीची राख

खोटं वाटत असेल तर केशोरीला माझ्या मामांच्या घरी जाऊन बघा. दिवेलागणीला जा. पण रात्री तिथं मुक्काम करायला मला सांगू नका, मी येणार नाही.

गोष्ट मागच्या वर्षीची. धान निघालं होतं, थंडी पडायला लागली होती.

आमच्याकडल्या गोरेगावच्या बाजारातून कुंजीलालमामांची मोटारसायकल चोरीला गेली होती. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पुढं भाड्यानं चालवायला त्यांनी जुनी कार घेतली, तेव्हा स्टेअरिंगला लोखंडी लॉक लावलं, सायरन बसवला. तरी झोप लागेना. घर आता त्या गाडीवरच चालणार होतं.

शेवटी मामांनी खळ्यावरचा उपाय केला. धानाच्या राशीला चोर किंवा भूत शिवू नये म्हणून राखेचं रिंगण काढतात, तसं गाडीभोवती काढलं.

रिंगण जोडण्याआधी मोठ्यानं म्हणायचं असतं, "आत कोणी असंल तं बाहीर निंगा."

"म्हणा नं," फुलवंतामामी म्हणाल्या.

"लॉक गाडीत कोण बसून राहील? येडी कुठची!" मामा हसले आणि रिंगण जोडून मोकळे झाले.

त्याच संध्याकाळी गावातली लाईट गेली.

आणि सायरन वाजला...

मामा काठी आणि बॅटरी घेऊन धावले. अंगणात कोणी नाही. काचा शाबूत. राख जशीच्या तशी.

त्यांनी रिमोट दाबला. दारांचं लॉक उघडलं.

टक...

पुन्हा लागलं. आतून.

काचेवर वाफ धरली होती. त्यांनी बाहीनं पुसली, पण ती जाईना.

वाफ आतल्या बाजूला होती...

गाडीत कोणीतरी श्वास घेत होतं.

"म्या म्हणत होती नं!" मामी ओरडल्या. "कोंडलं तुम्ही कोणाले तरी. रेघ मोडा, जाऊ द्या!"

मामांनी पायानं राख सारली. वाट झाली.

मागचं दार हळूच उघडलं. कोणी उतरताना दिसलं नाही... पण राखेत एक अनवाणी पाऊल उमटलं. बोटाला जोडव्याचा ठसा. मग दुसरं.

पावलं रस्त्याकडे न जाता सरळ घरात गेली.

घरात चेतना एकटी होती. मामांची एकुलती एक लेक.

दोघं जिवाच्या आकांतानं दाराकडे पळाले. ते पोचायच्या आत कडी लागली... आतून.

"चेतना! दार खोल!"

"बाबूजी..." ती रडत होती. "कडी म्याच लावली. इथं एक बाई हाय, कोपऱ्यात बसली. लई भेली हाय. ते म्हणते, राख काऊन मोडली?"

"तू आधी दार खोल!"

"ते म्हणते... तो तुमच्या मांगंच उभा हाय."

मामांनी वळून पाहिलं नाही. चेतनानं दार किलकिलं केलं, तसे दोघं आत पडले. कडी लागताच अंगणात गाडीच्या काचा फुटायला लागल्या. एकामागून एक.

सकाळी गाडीतलं काहीच गेलेलं नव्हतं. स्टेअरिंगचं लॉकही जागच्या जागी होतं. कोपऱ्यात कोणी नव्हतं, नुसती थोडी राख सांडलेली होती.

ती बाई कोण, तिच्यामागं कोण, आजवर कळलं नाही.

मामा आता रोज दिवेलागणीला घराभोवती राख टाकतात.

"आत कोणी असंल तं बाहीर निंगा," असं मात्र त्या घरात कोणी म्हणत नाही.