बर्फात थांबवलेली खळ

आमच्या विभागातलं दाटपणा मोजायचं यंत्र बंद पडलं, म्हणून मी बर्फात ठेवलेला बीकर घेऊन शेजारच्या इमारतीत गेले. तिथल्या यंत्रखोलीचा तंत्रज्ञ तेव्हा पहिल्यांदा भेटला.

"काय, खळ आणलीत?" त्याने बीकरमध्ये डोकावून विचारलं.

"खळ नाही, प्रबंध आहे माझा," मी म्हटलं. इतकी दमले होते की हसूसुद्धा अर्धंच आलं.

काम दिसायला साधं हो! बटाट्याचं स्टार्च शिजवायचं, त्यात एन्झाइम घालायचं. ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडत जातं आणि घट्ट खळ पातळ होत जाते. बरोब्बर वीस मिनिटांनी त्याला थांबवायचं, दाटपणा मोजायचा. मी बर्फात ठेवून थांबवत होते. तीन आठवडे, रोज. पण रोजचे आकडे एकमेकांशी काही जुळेनात. शुक्रवारपर्यंत जुळले नाहीत तर विषय बंद, असं सरांनी तोंडावर सांगितलं होतं. तीन वर्षं पाण्यात!

तो मात्र रोज स्टूल पुढे सरकवायचा. "बसा हो, बटाटेबाई. चेहरा बघा, तुम्हालाच कुणीतरी शिजवलंय."

मी बसायची. वैतागायची, हसायची... उठावंसं वाटायचं नाही.

गुरुवारी त्याने नोंदवही माझ्यापुढे ठेवली. नमुना आल्याची वेळ, मोजल्याची वेळ, आकडा. "बघा — ज्या दिवशी आपण जास्त बोललो, त्या दिवशी खळ जास्त पातळ. बर्फात एन्झाइम नुसतं मंदावतं. मारायचं तर उकळावं लागतं."

"कधी कळलं तुम्हाला?"

"सोमवारी."

"सोमवारी? आणि गप्प बसलात?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही बीकर ठेवून निघून गेला असता..." त्याची मान खाली. "चुकलंच माझं."

डोक्यात तिडीक गेली. रडूही आलं. बीकर उचलला आणि मी निघाले.

शुक्रवारी तीन नमुने चांगले उकळून नेले. त्याने मुकाट्याने मोजले. तिन्ही आकडे जुळले! मी मटकन स्टुलावर बसले. तो अजून गप्पच.

"काय हो, मिठाची गुळणी धरलीत?"

"बोललो की तुमचं काम बिघडतं..."

"उकळलंय मी ते. आता कितीही बोललात तरी एन्झाइम काही करायचं नाही." मी जरा थांबले. "राग गेलेला नाही हं माझा. पण सोमवारी सांगितलं असतंत ना — तरी मी बसलेच असते."