पहिली सापडलेली मादी

टाकीवरून कागदी बगळ्याची सावली सरकली. महाशीर माशाच्या शंभर बोटभर पिल्लांतल्या पाच-सहा बोटुकल्या तळाशी दडल्या. बाकीच्या खाणं आलं समजून तोंडं वर करून उभ्या राहिल्या. धीट किती आणि बुजऱ्या किती, ते मोजणाऱ्या धीटमापकाने आकडा दाखवला.

"या वर आलेल्या मरणार," माशांच्या अभ्यासक डॉ. ऋजुता देवस्थळी म्हणाल्या.

सगुणाआक्काला ते झोंबलं. हे मत्स्यबीज केंद्र चाळीस वर्षं तिच्या हाताखाली चाललेलं. "वर येतात त्याच अंग धरतात, बाई. लपणाऱ्या उपाशी राहतात."

"टाकीत, आक्का. नदीत वर येणाऱ्याला बगळा उचलतो. आणि हा स्वभाव आईकडून पिल्लांत उतरतो."

"हे माझ्या सुनेला सांगा. पोरं तुझ्यावर गेली म्हटलं की फुगून बसते."

दरसाल चाळीस हजार बोटुकल्या सोडूनही नदी रिकामीच. या खेपेला भरली नाही तर केंद्राला कुलूप, असं वरून पत्र आलेलं. आक्काने नाक मुरडलं, पण त्या यंत्राने चाळून वेगळ्या काढलेल्या दोन हजार बुजऱ्याच तेवढ्या सोडू दिल्या.

चार वर्षांनी विणीच्या दिवसांत जाळी लागली. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी हातभर लांबीची, अंड्यांनी फुगलेली एक मादी आली. पहिली सापडलेली मादी म्हणजे केंद्राची आई, ही आक्काने घातलेली रीत. तिला हळदकुंकू लावायचं, ओटी भरायची, टाकीत सोडायचं आणि तिच्याच अंड्यांवर पुढच्या सालचं बीज धरायचं.

तेवढ्यात देवस्थळी जलजनुक-चाचणीचा कागद घेऊन आल्या. पाण्यात मिसळलेल्या अंगाच्या कणांवरून मासे ओळखणारी ही चाचणी सांगत होती, की नदीत हजारेक मोठे महाशीर आहेत.

ओटी भरायला जमलेल्या बायका, आक्काची सूनही त्यांत, आनंदाने हसल्या. आक्काचं कुंकवाचं बोट मात्र मध्येच थांबलं.

"हजार आहेत, तर जाळ्यात ही एकटीच कशी?"

"बाकीच्या जाळ्याला बुजतात. ही धीट, चाळणीतून निसटलेली."

"आणि आधी दरसाल सापडायची ती?"

"तीही धीटच असणार. जी पहिली सापडते ती..." देवस्थळींचं वाक्य अर्धंच राहिलं. चार वर्षांत हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

नदीचा घात करणारी आई आक्काने स्वतः, ओटी भरून, दरसाल निवडली होती.

"मग आई हवी ती कुठली?"

"जी सापडत नाही ती."

"ती आणायची कशी?"

देवस्थळींनी कागदाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. आई नाही तर बीज नाही, बीज नाही तर केंद्र कशाला? म्हणजे नदी रिकामी राहिली तरी कुलूप, भरली तरी कुलूप.

"हिचीच धरू की अंडी," सून म्हणाली. "पिल्लं पुन्हा चाळून घेऊ."

"ही चाळणीतूनच निसटून आली ना?" आक्का म्हणाली.

आक्काने कुंकवाचं बोट पदराला पुसलं.

"विळी आण. हिची पोरं नकोत मला नदीत."