सहा फूट आणि वरचे चार

तो थेट तिच्या बाकावरच येऊन आदळला असता. तोंडावर मास्क, चष्म्यावर वाफ आणि पायाखाली बागेतली दवाने ओली झालेली वाट...

"अहो, थांबा! पुढे बाक आहे... आणि बाकावर मी आहे!"

तो जागीच थबकला. "दिसत काहीच नाहीये. आवाज मात्र छान आहे."

तिचं चष्म्याचं दुकान होतं. साथीमुळे अर्धाच दिवस उघडं. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मास्कची तार नाकावर नीट दाबा. चष्मा त्याच्यावर बसवा." वाफ विरली. दोन तपकिरी डोळे तिच्याकडे असे बघत राहिले, की तिने उगाचच केस सावरले.

तो रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायचा. मग रोज सकाळी सातला बागेत गाठ पडू लागली. बंद खोलीपेक्षा उघडा वारा कसा बरा, लस कुठवर आली, हे सगळं तो रंगवून सांगायचा आणि मध्येच थांबून झाडावरचा पक्षी दाखवायचा. तिच्या घरी दमेकरी बाबा, त्यामुळे आठ महिन्यांत ती कुणाच्या घरी गेली नव्हती. ही बाग आणि हा माणूस, एवढीच काय ती तिची चैन.

एकच गोष्ट खटकायची. नियम सहा फुटांचा आणि हा कायम दहावर. दुकानात दहा फुटांवरची अक्षरं गिऱ्हाइकांकडून वाचून घेणारी ती... तिचा अंदाज चुकणं शक्यच नव्हतं!

आणि एका सोमवारी त्याच्यासोबत एक नर्स आली. उंच, हसरी. दोघं एकाच बाकावर, खांद्याला खांदा लावून बसली. बिस्किटांचा पुडाही एकच!

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मास्कच्या आत ती ओठ चावत राहिली. मास्कचा हा उपयोग तिला त्याच दिवशी कळला. तीन दिवस ती मागच्या फाटकाने आली आणि झुडपाआडून त्या बाकाकडे बघत राहिली. नर्स हसली, की ही झुडपाचं एक पान खुडायची. त्याला आपलं काहीच वाटत नसेल, तर ही बागही नको, असं तिने ठरवून टाकलं.

चौथ्या दिवशी त्यानेच तिला वाटेत गाठलं. दहा फुटांवरून.

"रागावलात?"

"मी कशाला रागावू? तुमची बिस्किटं, तुमचा बाक."

"आम्ही सहा जण रुग्णालयाच्या वसतिगृहात राहतो. एका टेबलावर जेवतो. तिच्यापासून लांब बसून फायदा काय?"

"मग बसा की जवळ! जन्मभर बसा!" आवाज जरा चढलाच. "पण मी काय घोडं मारलंय? जगाला सहा फूट आणि मला दहा?"

तो चष्मा काढून पुसू लागला. खरं तर तो अगदी स्वच्छ होता.

"सहा सगळ्यांसाठी. मी दिवसभर नमुन्यांत वावरतो. तुमच्या घरी बाबा आहेत... म्हणून वरचे दोन."

"आणि उरलेले दोन?"

"ते माझ्यासाठी. सहावर उभा राहिलो ना, की पाचवर यावंसं वाटतं. मग चारवर..."

 तिचे कान गरम झाले.

"असं किती दिवस?" तिने कसंबसं विचारलं.

"बाबांना लस मिळेपर्यंत. तोवर थांबाल?"

"सांगितलंस का रे एकदाचं?" पलीकडून नर्स ओरडली. "महिनाभर नुसतं डोकं खाल्लंयस माझं!"

तिला पुन्हा टोचलंच. "ती तुम्हाला अरे म्हणते."

"तुम्हीही म्हणा. मी कधीची वाट बघतोय."

तिने आजूबाजूला पाहिलं. मग अगदी हळू, पण दहा फुटांवर ऐकू जाईल इतक्या आवाजात ती म्हणाली, "थांबेन. पण तोवर... लांबच राहा रे."

तो हसला आणि आणखी एक पाऊल मागे सरकला.